चहाची खोल छाटणी आणि चव: फिरत्या दाव्यातलं काय चूक आहे

सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे: ‘चहाचं झुडूप दरवर्षी खोल छाटा. त्या ताणाने पानांत कॅफिन आणि टॅनिन वाढतं, आणि छाटणीनंतरची पहिली पालवी सर्वांत उंची प्रतीची असते.’ यातलं एकही विधान टिकत नाही. शिवाय हा सल्ला पाळला तर झुडूप दगावू शकतं.

‘दरवर्षी, खोल’

द्राक्षबागेची दरवर्षीची खरड छाटणी पाहून हे सुचलं असावं, पण चहाचा हिशेब वेगळा आहे. आसामात हलकी छाटणी साधारण ३-४ वर्षांतून एकदा, डिसेंबर-जानेवारीत करतात आणि मागच्या कापाच्या ४-५ सेंमी वर कापतात. मधल्या वर्षांत फक्त वरचा थर उतरवतात; त्याला स्किफिंग म्हणतात. दक्षिणेत, उंचीवरच्या मळ्यांत, दोन छाटण्यांमधलं अंतर आणखी लांबतं.

एवढा जपून हात चालवायचं कारण मुळांत आहे. पानं गेल्यावर नवे कोंब मुळांत साठलेल्या स्टार्चवरच फुटतात. म्हणून खोल छाटणीआधी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मुळाचा ताजा काप आयोडीनच्या द्रावणात बुडवून पाहावा. काप निळा-काळा झाला तर साठा पुरेसा आहे. पिवळट राहिला तर खुडणी थांबवून झुडपाला काही आठवडे विश्रांती द्यावी. ही पायरी गाळली की फांद्या टोकाकडून वाळत खाली येतात. दक्षिणेतल्या मळ्यांत कडेच्या काही पानेरी फांद्या मुद्दाम राखतात, त्याही याच कारणासाठी.

‘ताणाने कॅफिन-टॅनिन वाढतं’

इथे दोन ताणांची गल्लत झाली आहे: किडीच्या आणि छाटणीच्या. तुडतुडे पान शोषतात तेव्हा ते पान जिवंत असतं आणि सुगंधी संयुगं तयार करून प्रतिसाद देतं. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातल्या (म्हणजे नव्या पालवीच्या दुसऱ्या हंगामातल्या) मस्कटेल, म्हणजे द्राक्षांची आठवण देणाऱ्या, स्वादाचा संबंध याच्याशी आहे. छाटणीत ते पानच जातं. कॅफिन सर्वांत जास्त असतं कळीत आणि कोवळ्या पानांत, आणि पान जून होईल तसं ते घटतं. ज्यांना टॅनिन म्हणतात ती कॅटेचिनं उन्हात वाढतात. म्हणजे कपात काय उतरेल हे कळी आणि दोन पानं नेमकी खुडण्यावर जितकं ठरतं, तितकं कापाच्या खोलीवर ठरत नाही.

‘पहिली पालवी सर्वांत उंची’

ही पालवी तर खुडायचीच नसते. आसामात हलक्या छाटणीनंतर कोंब कापाच्या २०-२५ सेंमी वर वाढू देतात आणि मग एका पातळीत शेंडे मारतात. खालची पानं झुडपाला पोसण्यासाठी राहतात. ती लवकर ओरबाडली तर सगळा हंगाम अशक्त जातो. त्यातून जोमात आलेल्या या कोंबांची पेरं लांब, पानं मोठी आणि पाणीदार असतात. दार्जिलिंगचा मार्चमधला नावाजलेला पहिला बहर मुख्यतः त्या हिवाळ्यात न छाटलेल्या किंवा फक्त वरून उतरवलेल्या झुडपांवरून येतो.

मग छाटायचं तरी कशाला?

छाटणी लांबत गेली की बांझी कोंब, म्हणजे वाढ थांबून कळी निजलेले कोंब, वाढतात. त्यांचं पान लवकर राठ होतं आणि चहा बेचव उतरतो. छाटणीमुळे वाढता, कळीदार कोंब परत मिळतो, आणि झुडूप हाताच्या उंचीवर राहतं. चवीशी तिचा खरा संबंध एवढाच. काप तिरका आणि स्वच्छ घ्यावा, जाड जखमांना ताम्रयुक्त लेप लावावा आणि उघड्या पडलेल्या फांद्यांवर छाटलेल्या डहाळ्या पसराव्यात. नाहीतर उन्हाने साल भाजते.