आत्या, गॅस पेटव!

गिरगावातल्या आत्याचा रविवारी फोन आला. चार दिवस तिने गॅस पेटवलेला नाही. कारण नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज: माणूस एन्झाइमचा ठरावीक साठा घेऊन जन्मतो, शिजवलेल्या घासागणिक तो संपतो, कच्च्या अन्नाने भरून निघतो, एन्झाइम म्हणजेच ऊर्जा, तेव्हा सगळं कच्चं खा, भिजवलेली कडधान्यंसुद्धा. खाली हात जोडलेल्यांची रांग.

साठ्याची गोष्ट निव्वळ थाप. एन्झाइम, म्हणजे शाळेतली विकरं, उत्प्रेरक असतात. काम करून खर्ची पडत नाहीत. तांबड्या पेशींतलं कार्बोनिक अनहायड्रेज घ्या. त्याच्या खाचेत जस्ताचा एक अणू असतो. त्याला चिकटलेला पाण्याचा रेणू एक प्रोटॉन सोडतो, उरलेला हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडला जाऊन भिडतो, बायकार्बोनेट बनून निघून जातं, आणि जस्तापाशी पाण्याचा पुढचा रेणू हजर! हे सेकंदाला 10 लाख वेळांपर्यंत. दादरला दारातल्यांना आत रेटणारा स्वतः फलाटावरच राहतो ना, तसं. एन्झाइम जुनी होऊन मोडतात, पण शरीर वरण-भातातल्याच प्रथिनांतून नवी घडवतं.

ऊर्जाही ती देत नाहीत. अभिक्रियेला सुरुवातीला जो चढ चढावा लागतो, तो कमी करतात. किती? रॅडझिका आणि वुल्फेंडेन या शास्त्रज्ञांनी 1995 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं: आरएनएचे घटक बनतानाची एक पायरी एन्झाइमशिवाय निम्मी व्हायलाच 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील. एन्झाइमचा एक रेणू तीच पायरी सेकंदाला कित्येकदा उरकतो.

उष्णतेने एन्झाइमची घडी मोडते आणि ती निकामी होतात, हे मात्र मान्य करावं लागेल. मटणाला कच्ची पपई चोळतो ती तिच्यातल्या पपेन या मांस मऊ करणाऱ्या एन्झाइमसाठीच. पण भाजीतली एन्झाइम भाजीच्या कामाची; आपल्या पोटात ती बहुतेक इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. स्वादुपिंड कमी पडणाऱ्यांना डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, त्यांनाही जठरातल्या आम्लापासून वाचवायला लेप लागतो.

मला राग आला तो कडधान्यांवरून. आत्याने राजमा भिजत घातला होता, सकाळी कच्चा चावून खायला! कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन, असतं; चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. नुसतं भिजवून ते जात नाही, खळखळून उकळावंच लागतं. बाहत्तर वर्षांच्या बाईला हे ‘औषध’ सुचवणाऱ्याला काय म्हणावं?

“मग हा टाकून देऊ का रे?” आत्याने विचारलं. म्हटलं, टाकू नकोस, भिजवलेलं पाणी ओत आणि कुकरला लाव.