हो ची मिन्ह, मावळा आणि दरवर्षीचा फॉरवर्ड

शिवजयंती जवळ आली की हा मेसेज हमखास फिरू लागतो. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून. पुढे त्यांच्या समाधीवर ‘महाराजांचा एक मावळा इथे विसावला आहे’ असं कोरलं गेलं, आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्री रायगडाची माती घेऊन गेल्या. सोबत बहुतेक वेळा फोटो असतो हो ची मिन्ह यांचा, म्हणजे युद्धकाळातल्या उत्तर व्हिएतनामच्या अध्यक्षांचा.

आधी ती पत्रकार परिषद. हो ची मिन्ह वारले १९६९ साली. अमेरिकी सैन्य परतलं १९७३ मध्ये, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली ३० एप्रिल १९७५ ला. विजयाचं गुपित सांगायला ते हयातच नव्हते.

मग गनिमी कावा. दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांत तो होताच, पण त्यासाठी त्यांना सह्याद्रीपर्यंत यायची गरज नव्हती. तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारा त्रान हुंग दाओ तिथल्या पोरासोरांना पाठ असतो. शिवाय माओचा दीर्घकालीन युद्धाचा सिद्धांत होता, चिनी आणि सोव्हिएत शस्त्रं होती. आणि निर्णायक लढाया गनिमी नव्हत्याच. १९५४ मध्ये हो ची मिन्ह यांचे सेनापती जनरल जियाप यांनी दिएन बिएन फू या फ्रेंच तळाभोवतीच्या डोंगरांवर तोफा ओढून नेल्या आणि तेव्हाच्या राज्यकर्त्या फ्रेंचांना वेढा घातला. १९७५ मध्ये तर सायगॉनच्या राष्ट्राध्यक्ष प्रासादाचं फाटक रणगाड्यांनी तोडलं.

या मेसेजचा खरा घोटाळा मात्र असा की तो सगळं युद्ध एका माणसाच्या डोक्यातून निघाल्यासारखं मांडतो. फ्रेंच हरल्यावर १९५४ च्या जिनिव्हा करारानं देश १७ अंश अक्षांशावर उत्तर-दक्षिण असा तोडला आणि ठरलेल्या १९५६ च्या निवडणुका झाल्या नाहीत. तरी दक्षिणेत सशस्त्र लढा उघडायला हनोईतल्या, म्हणजे उत्तरेच्या, नेतृत्वानं १९५९ उजाडू दिलं. तो रेटा प्रामुख्यानं ले दुआन यांचा. दक्षिणेत वर्षानुवर्षं भूमिगत काम केलेला हा माणूस १९६० मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा प्रथम सचिव झाला आणि युद्धाची सूत्रं हळूहळू त्याच्याच हाती गेली. १९६८ च्या तेत हल्ल्याची, म्हणजे तेत या नववर्षाच्या सणात दक्षिणेतल्या शहरांवर केलेल्या मोठ्या हल्ल्याची, आखणी चालू होती तेव्हा हो ची मिन्ह उपचारासाठी चीनमध्ये होते. म्हणून ते नामधारी होते असं नाही. मॉस्को आणि बीजिंगचं फाटलेलं असताना दोघांकडून मदत मिळत राहिली, त्यात त्यांच्या नावाचा वाटा मोठा होता. ‘स्वातंत्र्याहून मोलाचं काही नाही’ हे त्यांचं १९६६ चं वाक्य सैनिकांच्या तोंडी होतं.

आता समाधी. हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या त्या वास्तूच्या दर्शनी भागावर फक्त ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच आहे. मुळात त्यांना समाधी नकोच होती. दहन करा, रक्षा उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांत ठेवा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. पक्षानं तो भाग वगळून मृत्युपत्र छापलं आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीनं देह जतन केला. मृत्यूची तारीखही बदलली: २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन, म्हणून ३ जाहीर झाली. दोन्ही गोष्टी सरकारनं कबूल केल्या त्या १९८९ मध्ये. ज्याची स्वतःची शेवटची इच्छा वीस वर्षं दाबून ठेवली गेली, त्याच्या थडग्यावर आपण परस्पर मजकूर कोरतोय!

उरली रायगडाची माती. माझ्याकडे आलेल्या एकाही मेसेजात त्या मंत्र्यांचं नाव नाही, भेटीचं सालही नाही. ज्यांनी पाठवलं त्यांनी तेवढं द्यावं, मग पुढचं बोलू.