रिकामं घर म्हणजे हिरवं घर?

एक मेसेज गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी पाठवणारी माझी सख्खी मावशी होती. ‘पर्यावरणपूरक घर हवंय? मग सजावट बंद करा!’ अशी सुरुवात. पुढे चार उपदेश: नक्षीकाम म्हणजे उधळपट्टी, जुनं अवजड लाकडी सामान काढून हलकं, सुटसुटीत घ्या, झाडं वाचतील, भिंती पांढऱ्या ठेवा, आणि जे घ्याल ते बांबूचं घ्या. खाली मावशीची ओळ: “तू इंटिरियरवाली ना, मग सांग, काढू का तो पलंग?”

आधी नक्षीचं बघू. हा राग नवा नाही. व्हिएन्नाचा वास्तुविशारद आडोल्फ लोस शंभर वर्षांपूर्वी नक्षीवर असाच तुटून पडला होता. पण त्याच्या म्हणण्यातला कामाचा भाग मेसेजमध्ये गळलाय. नक्षीची फॅशन उतरली की धडधाकट वस्तूही जुनाट दिसते म्हणून टाकली जाते, ही त्याची तक्रार होती. वस्तू टिकेल तितकी वर्षं तिचं रूपही सोसवलं पाहिजे, असं तो म्हणायचा. हे मला पूर्ण पटतं. (याच गृहस्थाने १९०३ मध्ये बायकोसाठी सजवलेल्या बेडरूममध्ये पांढरी फर अंथरली होती, ते सोडा.)

आता ही कसोटी आपल्याकडच्या नक्षीला लावा. मुंबई परिसरात १९२२ पासून नक्षीच्या सिमेंट टाइल्स बनतायत. साच्याच्या खणांत रंगीत सिमेंट ओततात, मागे साधा थर देऊन दाबतात आणि पाण्यात मुरवतात. टाइलला भट्टी लागत नाही. सिमेंट तयार होताना धूर होतो, ते मान्य. पण नक्षी वर छापलेली नसते, काही मिलिमीटर आत गेलेली असते. गिरगावात एका घरी व्हिनाइलची चटई खरवडून काढली, तर खाली तांबड्या-काळ्या वेलबुट्टीची फरशी निघाली. पॉलिशचं मशीन दोन दिवस फिरलं आणि फरशी नव्यासारखी झाली. चटई मात्र कचऱ्यात गेली. ती अगदी साधी होती, एकरंगी, नक्षी औषधालासुद्धा नाही.

दुसरा उपदेश सगळ्यात घातक. दुकानात ‘हलकं, सुटसुटीत’ मागितलं की बहुतेक वेळा एमडीएफ नाहीतर पार्टिकल बोर्ड पुढे येतो. म्हणजे लाकडाचे तंतू किंवा चुरा, सहसा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदात दाबलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूला माणसासाठी कर्करोगकारक ठरवलं. चांगल्या ग्रेडच्या बोर्डातून तो कमी सुटतो, म्हणून घाबरून जायला नको. माझी तक्रार वेगळी आहे: बोर्ड दुरुस्त होत नाही. कडेची पट्टी सुटली, आत पाणी गेलं, की तो पावासारखा फुगतो. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की परत धरत नाही. माझ्या स्वतःच्या घरातलं असं कपाट सहाव्या पावसाळ्यात भंगारवाल्यानेही नाकारलं.

मावशीच्या शिसवी पलंगाचा एक पाय वाळवीने खाल्ला होता. सुताराने तेवढा भाग कापून सागाचा तुकडा जोडला. बारकाईने पाहिलं तर रंगातला फरक दिसतो, एवढंच. आणि हा पलंग अडगळीत न जाता तीन घरं फिरला तो उशाकडच्या कोरलेल्या मोरांमुळे. ते मोर टाकायला कुणाचं मन होईना. झाड तर आजोबांच्या लग्नाआधीच पडलं; पलंग फेकून ते परत उभं राहणार नाही. नवा शिसवी पलंग घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत.

पांढऱ्या भिंतींनी उजेड वाढतो, दिवा उशिरा लावावा लागतो, हे खरं. पण ओल येणाऱ्या घरात दर दोन वर्षांनी प्लास्टिक पेंटचा नवा हात मारणार असाल, तर वाचवलेलं तिथे जातं.

बांबू भराभर वाढतो, यात वाद नाही. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे लावणाऱ्याला तोडणं-नेणं सोपं झालं. तरी बोरॅक्स-बोरिकचं पाणी न पाजलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि खाली पीठ सांडू लागतं. शिवाय दुकानातला गुळगुळीत ‘बांबू बोर्ड’ म्हणजे पट्ट्या आणि गोंद. बुरुडाकडची टोपली त्यापेक्षा प्रामाणिक.

सजावटीवर रागवायचंच तर थर्माकोलच्या मखरावर रागवा. दीड दिवसाच्या गणपतीसाठी आणायचं, मग कायमचं कचऱ्यात. राज्यात २०१८ मध्ये त्यावर बंदी आली, ती बरी झाली.

मावशीला लिहिलं, पलंग राहू दे, पण दरवाजावरचं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण काढ. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.