खेड स्टेशनावर उतरल्यावर पुढे काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन विषयांची सरमिसळ चालली आहे. जूनअखेर माझा आतेभाऊ, वहिनी आणि आत्या दापोलीहून माझ्याकडे विंटरथूरला येताहेत, त्यांना चार दिवसांत काय दाखवायचं, हा एक. आणि शनिवार-रविवारी दापोलीत गाड्यांची जी झुंबड उडते तिचं काय करायचं, हा दुसरा. रस्ता रुंद करा, किनाऱ्यालगत पार्किंग काढा, इथपासून 'पुणे-मुंबईवाल्यांना टोल लावा' इथपर्यंत मतं आहेत. मध्येच कोणीतरी मुरुड-कर्द्याच्या वाळूत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ टाकतं, त्यावर सगळे पोटभर हसतात, आणि मग मला प्रश्न येतो, "तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये काय करतात गं अशा वेळी?"

काय करतात ते सहलीचा बेत सांगता सांगता कळेल.

पहिली रात्र ल्यूसर्नला. दुसऱ्या दिवशी तिथून इंटरलाकेनची मीटरगेज गाडी. जेमतेम दोन तासांचा प्रवास, दर तासाला एक गाडी, ब्रुनिग खिंड ओलांडून जाते. चढावर रुळांच्या मधे दाते असलेली पट्टी आहे, तिच्यात इंजिनाचं चाक अडकवून गाडी वर सरकते. ल्यूसर्नला चढल्यावर उजवीकडच्या खिडक्या धरायच्या, कारण झार्नेन आणि लुंगेर्न ही दोन्ही तळी त्या बाजूला लागतात. पुढे मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते, त्यामुळे ब्रिएंझचा तलावही त्याच खिडक्यांतून दिसतो. आत्याला जागा बदलायला उठावं लागणार नाही. ब्रिएंझला उतरून पुढे बोटीने जायचं, वाटेत गीसबाखच्या धबधब्यापाशी थांबायचं. धक्क्यावरून वर न्यायला 1879 सालची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी गाडी आहे, अजून चालते. संध्याकाळी लाउटरब्रुनेन, आणि तिथून दात्यांच्या रुळावरच्या गाडीने वर वेंगेनला, दोन रात्री. इंटरलाकेनहून निघालेली गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला जाते. तेवढा डबा बघून बसायचं. शेवटच्या दिवशी थुनच्या तलावात बोट आणि तिथून थेट गाडीत.

आतेभावाचा जीव युंगफ्राउयोखमध्ये अडकला आहे. 3,454 मीटरवरचं, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. 1912 साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढून तिथवर रेल्वे नेली. पाहण्यासारखं आहे, नाही कसं म्हणू? पण फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे गेलाय, तिकीट डोळे पांढरे करणारं आहे, आणि वर ढग असले तर तेवढ्या पैशांत ढगच बघायचे. शिवाय आत्याचं ब्लडप्रेशर. वेंगेनहून वर क्लाइने शायडेक स्टेशन 2,061 मीटरवर आहे. तिथे बाकावर बसून घरून नेलेली मेथीची धपाटी खाताना समोर तीच आयगर-युंगफ्राउ शिखरांची रांग असते. तो ऐकणार नाही, हे मला माहीत आहे.

या बेतात मी कुठेही वेळापत्रक पाठ करून दिलेलं नाही. त्याची गरजच नाही, आणि हे आपोआप झालेलं नाही. 1970 च्या दशकात इथल्या रेल्वेतल्या काही तरुण इंजिनिअरांनी एक टोळकं जमवलं होतं. वेडगळांचा क्लब, असं नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. गाड्या गर्दी बघून सोडण्याऐवजी दर तासाला ठरलेल्या मिनिटालाच सोडायच्या आणि मोठ्या स्टेशनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी आणायच्या, असा त्यांचा आग्रह होता. 23 मे 1982 पासून देशभर तसं वेळापत्रक सुरू झालं. पुढे 1987 च्या डिसेंबरात लोकांनी मतदान करून 'बान 2000' हा विस्तार मंजूर केला. त्यात नवे रूळ टाकायचे होते, पण कुठे, हे वेगाच्या हौसेने ठरलं नाही. बर्न-झुरिक प्रवास तासाच्या आत बसला तर दोन्हीकडच्या जोडगाड्या मिळतात, म्हणून तिथे नवा मार्ग काढला. 2004 मध्ये तो सुरू झाला आणि प्रवास 56 मिनिटांवर आला. त्याहून वेगात जाऊन करायचं काय? पुढची गाडी तासालाच सुटणार.

आता आपल्याकडे पाहा. मुंबई-मडगाव वंदे भारत 27 जून 2023 ला सुरू झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटल्यागत आनंद होता. दापोलीजवळच्या खेडला थांबते म्हणून तर जास्तच. पण खेडला उतरल्यावर पुढे काय? रिक्षा करून एसटी स्टँड गाठायचा, दापोलीची गाडी लागलेली असली तर नशीब, नाहीतर तासभर वडापाव. किंवा जीपवाल्याशी घासाघीस. गाडीने पनवेलपासून वाचवलेली मिनिटं शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये व्याजासकट परत जातात. म्हणून मुंबईचा माणूस पुढच्या वेळी स्वतःची गाडी काढतो, महामार्गाला शिव्या देत का होईना, आणि एकदा गाडी दारात असली की ती वाळूतही घालतो. रुंद रस्ता होईल तेव्हा तो दोन तास लवकर येऊन रुतेल.

इथे आमच्याच लोकांबद्दल एक बोचरी गोष्ट लिहिते. मराठी माणूस स्वित्झर्लंड बघतो तो बहुतेक वेळा टूर कंपनीच्या बसमधून. ल्यूसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, यश चोप्रांचा पुतळा, रात्री वरणभात. रस्ते गुळगुळीत, बस आरामशीर. परत गेल्यावर तो गावासाठी काय मागेल? तसाच रस्ता. नाहीतर रोपवे. ज्या बसस्टॉपवर पोस्टाची पिवळी बस रेल्वेची वाट बघत उभी असते, तो स्टॉप त्याने पाहिलेलाच नसतो.

वेंगेनला मात्र रस्त्याने जाताच येत नाही. गाड्या खाली लाउटरब्रुनेनला ठेवायच्या. शेजारच्या म्युरेनचं तेच. झरमाटला जाणाऱ्यांच्या गाड्या पाच किलोमीटर अलीकडे, टेशला थांबतात. गावात बॅटरीवरच्या छोट्या गाड्या हॉटेलांचं सामान आणि म्हाताऱ्या माणसांना नेतात. हे ऐकून वहिनी म्हणाली, "म्हणजे माथेरानच की!" अगदी बरोबर. दस्तुरी नाक्याला गाडी थांबवायची पद्धत आपल्याकडे कधीची आहे, नेरळहून वर जाणारी गाडी 1907 ची आहे. पण 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, 2016 मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली, 2019 च्या पावसानंतर पूर्ण मार्ग सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. एवढ्या खंडांनंतर तिच्यावर भरवसा ठेवून कोण बेत आखेल? हातरिक्षांचं म्हणाल तर माणसाने माणसाला ओढणं बंद करा, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावं लागलं. ई-रिक्षांना घोडेवाल्यांचा विरोध आहे आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे. ई-रिक्षांचे परवाने आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना आणि मग घोडेवाल्यांना द्यावेत, एवढं मला पटतं. पण 'गाडी वरपर्यंत सोडा' असं म्हणणाऱ्यांची री मी ओढणार नाही. दस्तुरीचा नाका हलला की माथेरान लोणावळ्याच्या वाटेने गेलंच म्हणून समजा.

इथे सगळं आलबेल आहे, असं मात्र कोणी समजू नये. ब्रिएंझच्या काठावर इझेल्टवाल्ड नावाचं चिमुकलं गाव आहे. एका कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि फोटोवाल्यांचे लोंढे सुरू झाले. शेवटी 2023 मध्ये गावाने धक्क्यावर फिरतं दार बसवलं, पाच फ्रँक टाका आणि आत जा. लाउटरब्रुनेनच्या एकुलत्या एका रस्त्यावर उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात. 2024 मध्ये तिथे दिवसाच्या पाहुण्यांकडून शुल्क घेण्याचा विचार सुरू झाला. तो वाचताना मला दापोलीचा टोलवाला आतेभाऊच आठवला, पण या प्रस्तावात एक मेख होती. शुल्क गाडीने येणाऱ्याला. रेल्वेने किंवा बसने आलेल्याला माफ. पर्याय आधी होता, म्हणून दंड लावायचा विचार करता आला. आपल्याकडे पर्याय न देता टोल लावला तर तो फक्त पैसे भरू शकणाऱ्यांची सोय होईल. आतेभावाला मी हे लिहिलं, त्याने अंगठा पाठवला. पटलं की विषय मिटवला, देव जाणे.

"त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं नव्वद लाख," हा ठरलेला आक्षेप. पैसा आहेच. पण तो रुळांवर घालायचा का, हे लोकांना दर वेळी विचारलं गेलं. फेब्रुवारी 2014 मध्ये रेल्वेच्या कायमच्या निधीला 62 टक्क्यांनी होकार दिला, आणि त्याच मतदानात कामावर जाण्यायेण्याच्या खर्चाची करसवलत वर्षाला तीन हजार फ्रँकांवर रोखली गेली. म्हणजे माझ्यासारख्या रोज गाडीने जाणाऱ्यांच्या खिशाला चाट. आणि माणसं कमी म्हणून त्यांना हे जमतं, हा तर्क मला उलटा वाटतो. रिकाम्या खोऱ्यात दर तासाला बस पाठवणं महागडं. खेड-दापोली मार्गावर बस रिकामी धावेल, ही भीती कोणाला आहे?

शिवाय आपण शून्यावर नाही. परदेशी पाहुण्यांना इथे जो चार किंवा आठ दिवसांचा पास विकतात, रेल्वे, बस, बोट सगळं त्यात, त्याचं भावंड एसटीकडे कित्येक वर्षांपासून आहे. 'आवडेल तेथे प्रवास', चार किंवा सात दिवस. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. इथे अर्ध्या तिकिटाचं कार्ड मी दर वर्षी पैसे भरून नवं करते. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तूच इकडे ये की." आमची आत्या शहात्तर वर्षांची, दापोलीहून मंडणगडला बहिणीकडे फुकट जाते आणि कंडक्टरला नावाने हाक मारते. असल्या प्रवाशाला स्वित्झर्लंडने काय नवं शिकवायचं?

त्या पासात रेल्वे नाही, एवढंच काय ते कमी. कोकण रेल्वेचं कार्यालय एकीकडे, एसटीचा डेपो दुसरीकडे, आणि पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक बदलतं तेव्हा डेपोचं बदलतंच असं नाही. म्हणून ग्रुपवर मी एवढंच सुचवलं आहे की आमदारांना रोपवेचं निवेदन देण्याआधी दापोली आगारात जाऊन दोन गोष्टी मागा. मांडवी एक्सप्रेस आणि वंदे भारतच्या वेळेला खेड स्टेशनाच्या दारात उभी राहणारी दापोलीची गाडी, आणि ती रेल्वे आल्याशिवाय सुटणार नाही असा लेखी आदेश. आतेभाऊ म्हणतो, जाईन, पण युंगफ्राउयोखचं तिकीट काढ.