रिटर्न पाइपला बोल्ट मारून डिझेल वाचत नाही, पंप जातो

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. रिकामी पिकअप घेऊन तो गोव्यातल्या वाळपईहून बेळगावला भाजी आणायला निघाला होता. केरी सोडून चोर्ल्याची चढण लागली आणि गाडी बंद पडली. "मामा, डिझेलच्या नळीत एअर घेतलीय बहुतेक. फिल्टरवरचा हँड पंप मारून मारून हात दुखले. सुरू होते आणि परत मरते." मी पोचलो, बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. पंपाच्या रिटर्नच्या नळीत, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीत, आठचा बोल्ट कोंबलेला आणि वरून क्लॅम्प आवळलेला. विचारलं तर त्याने खिशातून मोबाइल काढून मेसेज दाखवला. त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला, त्यातले दोघे टिपरवाले. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: "टर्बो बसवलेल्या किंवा पंप वाढवलेल्या डिझेल गाडीचं अर्धं डिझेल रिटर्नने वाया जातं. रिटर्न बंद करा किंवा टी (तीन तोंडांचा जोड) लावून फिल्टरलाच परत जोडा. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाढतात, पिकअप (वेग घेण्याची ताकद) वाढतो. सप्लाय पाइप जाड करा, रिटर्न बारीक चालतो. डिझेल पेट घेत नाही, तेव्हा साधी पारदर्शक नळी पुरते. सगळ्या गाड्यांना चालतं."

पहिल्यापासून घेतो. वाया म्हणजे कुठे जातं? रिटर्नचं दुसरं टोक टाकीत आहे. जे परत गेलं ते तुमच्याच टाकीत पडलं, पुढच्या फेरीला तेच वापरलं जाणार. कुणाला पटत नसेल तर पाच लिटरचा कॅन घ्या, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही नळ्या त्यात सोडा, कॅन वजनकाट्यावर ठेवा आणि अर्धा तास इंजिन चालवा. काट्यावर जेवढं कमी झालं तेवढंच जळलं. रिटर्नच्या नळीतून कितीही जोरात डिझेल पडताना दिसलं तरी काटा त्याने हलत नाही.

खरी चीड मला बोल्टची आहे. भाच्याच्या पिकअपला रोटरी पंप आहे, ज्याला आपल्याकडे अजून सगळे मायकोचा पंप म्हणतात. या पंपात ऑइल नसतं. आतला प्रत्येक भाग डिझेलवरच फिरतो आणि डिझेलनेच थंड होतो. आत एक छोटा व्हेन पंप (पात्यांचा पंप) पंपाच्या कवचाच्या आत दाब तयार करतो, आणि तो दाब इंजिनच्या वेगाप्रमाणे वाढून टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारायची वेळ ठरवणारा, पिस्टन सरकवतो. रिटर्नच्या बँजो बोल्टवर (नळी जोडायच्या पोकळ बोल्टवर) 'आउट' असं कोरलेलं असतं आणि त्याला मापून पाडलेलं बारीक भोक असतं. त्या भोकातून गरम डिझेल आणि हवा सतत बाहेर पडली पाहिजे, हा त्या पंपाच्या रचनेचाच भाग आहे. ते बंद केलं की आतला दाब चढतो, टायमिंग वेळेआधी जातं, इंजिन ठोकायला लागतं. भाच्याला "पिकअप वाढला" असं जे वाटलं तो हाच आवाज होता. चार दिवस चालली, कारण चार दिवस सील टिकलं.

मग पुढच्या शाफ्टचं ऑइल सील सुटलं. त्या गाडीचा पंप गिअरवर आहे, म्हणजे सीलमधून गळलेलं डिझेल रस्त्यावर पडत नाही, सरळ इंजिनच्या ऑइलमध्ये जातं. मी डिपस्टिक ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. कागदावर थेंब सोडला, पाण्यासारखा पसरला, आणि वास डिझेलचा. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. त्याहून भयंकर म्हणजे पातळी खूप वाढली की इंजिन स्वतःचं ऑइल ओढून सुसाट सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. भाजीने भरलेली गाडी घाट उतरताना तसं झालं असतं तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

टी लावून फिल्टरला जोडण्यात अर्धं सत्य आहे, तेही कबूल करतो. काही गाड्यांच्या फिल्टरच्या डोक्यात कंपनीनेच असा व्हॉल्व्ह दिलेला असतो. थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं म्हणून गरम रिटर्न थोडा वेळ फिल्टरकडे वळवायचा आणि गरम झालं की तो व्हॉल्व्ह आपोआप टाकीकडे उघडतो. पण डिझेलच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आहे, म्हणजे त्याहून जास्त थंडी पडल्याशिवाय मेणाने फिल्टर तुंबता कामा नये. आमच्या सत्तरीत, म्हणजे वाळपईच्या तालुक्यात, डिसेंबरच्या पहाटे स्वेटर लागतो, पण तेवढी थंडी इथे कुणी पाहिलेली नाही. कायमचा टी लावला की तेच डिझेल फिरून फिरून तापतं आणि हवाही त्याच चक्करमध्ये अडकते. दर १० अंशाला डिझेल साधारण पाऊण टक्का फुगतं, म्हणजे तेवढ्याच मापात कमी डिझेल जातं आणि ताकद उतरते. पातळ होतं ते वेगळंच.

जाड सप्लाय, बारीक रिटर्न हे उलटंच सांगितलंय. पंप वाढवला, मोठा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) टाकला, तर सप्लाय पाइप जाड हवा, हे बरोबर. पण आत जास्त ढकललं तर परतही जास्त येणार. रिटर्न किमान आधीच्या मापाचा, शक्य तर एक माप मोठा, कुठे मुरड नाही, चिमटा नाही. टाकीत त्याचं टोक सप्लायच्या नळीपासून लांब आणि डिझेलच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर फेस परत ओढला जातो.

डिझेल पेट घेत नाही, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आयएस १४६० उघडून पाहावं. तिथे फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे. म्हणजे तेवढ्या उष्णतेला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. मे महिन्यात बॉनेटखाली ३५ अंश सहज असतात. आणि टर्बोच्या तापलेल्या लोखंडावर डिझेल पडलं तर ठिणगीचीही गरज नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी उष्णतेने आधी मऊ पडते, मग कडक होऊन बँजोवरून निसटते. एअर कुठून येते हे बघायला दहा मिनिटं लावा, काम झालं की काढा. कायमची नळी डिझेलसाठी बनवलेल्या रबराचीच हवी.

"सगळ्या गाड्यांना चालतं" याला एवढंच उत्तर: कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) नोझलची सुई उचलली जाते तीच मुळी वरचं डिझेल रिटर्नला सुटतं म्हणून. रिटर्न बंद, म्हणजे सुई उचलणं बंद. रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो, चालू इंजिनावर तिथली कुठलीही नळी सैल करायला जाऊ नका. ती धार कातडीतून आत शिरते.

भाच्याची पिकअप दुसऱ्या दिवशी ओढून आणली. सील नवं, ऑइल आणि फिल्टर नवे, पंप टेस्ट बेंचवर चढवून टायमिंग परत लावलं. ज्यांनी हा मेसेज वाचून बोल्ट मारलाय त्यांनी इंजिन आता सुरू करू नका. बोल्ट काढा, नळी टाकीपर्यंत मोकळी आहे का ते फुंकून बघा, मग डिपस्टिक ओढून वास घ्या. डिझेलचा वास आला किंवा पातळी वरच्या खुणेच्या वर दिसली तर गाडी ओढूनच न्या.