बारा पॉइंट सहा

गाडी बंद पडायचा इंदूरातला मुहूर्त ठरलेला आहे : सकाळचे पावणेआठ. कचरागाडी गाणं वाजवत कोपऱ्यापर्यंत आलेली असते, ओला डबा-सुका डबा घेऊन सगळे आपापल्या फाटकाशी उभे असतात, कुणी पोहे-जलेबीची पुडी हलवत परतत असतं. थोडक्यात, गल्लीचा कोरम पूर्ण. नेमकी तेव्हाच किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसतं 'टकटकटकटक' ऐकू यावं. दहाव्या टकटकीला पहिले काका पोचतात. "काय भिया, सेल्फ नाही घेत?" आणि आपण तोंड उघडायच्या आत निकाल : "बॅटरी गेली."

नाडी न बघता मृत्यूचा दाखला द्यायचा हा अधिकार आमच्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळतो. माझी तक्रार दाखल्याबद्दल नाही. आधी नाडी बघा, एवढंच म्हणणं. नवी बॅटरी चार-पाच हजारांना पडते, आणि रोग पुष्कळदा टर्मिनलवरच्या चिमूटभर पांढऱ्या बुरशीत असतो.

पहिली तपासणी कानाची, तीही फुकट. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका, ओढला जातोय, ओढताच व्होल्टेज कोसळतंय, तो सुटतोय, पुन्हा ओढला जातोय. करंट अपुरा आहे : बॅटरी उतरलेली तरी आहे किंवा वाटेतला एखादा जोड सैल तरी. एकच ठसठशीत 'टक' आणि मग शांतता, पण दिवे लख्ख, तर संशय सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टवर किंवा खुद्द सेल्फवर. अजिबात आवाज नाही आणि डॅशबोर्ड नेहमीसारखा उजळलेला, तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का बघा. बऱ्याच गाड्या त्याशिवाय सेल्फला वीजच सोडत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी' किंवा 'एन'वर हवा. मग फ्यूज आणि रिले. आणि इंजिन दणक्यात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. पेट्रोल, स्पार्क, इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीविरुद्धचं कुलूप) यांच्याकडे वळा. अर्थात इंजिन असं गरगर फिरत असतानाही काका "बॅटरी गेली" म्हणतातच. तो निकाल आवाजावर अवलंबून नसतो.

दुसरी तपासणी डोळ्यांची. हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर प्रकाश पडू द्या आणि सेल्फ मारा. प्रकाश विझत आला तर वरची टकटक खरी. जराही हलला नाही तर करंट सेल्फपर्यंत गेलेलाच नाही.

तिसऱ्या तपासणीला मल्टिमीटर लागतो. महाराणी रोडवर साधा डिजिटल मीटर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात चौघांनी मारलेल्या एका फेरीच्या पैशात येतो, आणि पचायलाही सोपा. चकती डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायची, लाल काडी प्लसवर, काळी मायनसवर. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीतल्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगून येतो. अशा वेळी दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ ला ती रडायला लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीला बारा व्होल्ट पुरत नाहीत, ही गोष्ट गल्लीत सांगून बघा. माणसं आपल्याकडे पंक्चर झालेल्या टायरसारखी बघतात.

तरी हे झालं बसल्या बॅटरीचं. बसून राहिलेला कुणीही धडधाकटच दिसतो. खरी परीक्षा ओझं उचलताना. मीटर लावलेलाच ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या आसपास टिकला तर ठीक, ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी दमलेली आहे. लगेच टाकून मात्र देऊ नका, आधी पुरती चार्ज करून पुन्हा बघा. चार्जरचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका पुरे : ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, म्हणजे रात्रभराचं काम. खोली हवेशीर हवी, आणि देवघरापासून लांब. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि त्याला समईचं वावडं आहे. एवढं करूनही बसल्या बॅटरीचा आकडा साडेदहाच्या आसपासच अडला, तर तिच्या सहा घरांपैकी (सेलपैकी) एक बसलंय. प्रत्येक घराचे दोनाहून थोडे जास्त, २.१ व्होल्ट असतात, हिशेब जुळतो. अशा वेळी काकांना सांगावं लागतं की तुमचं बरोबर होतं. हे वाक्य शक्यतो काकू समोर असताना म्हणू नये.

बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावरही विसंबू नका. तो एकाच घरात बुडवलेला असतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं, तरी आत्मविश्वास पुरेपूर. गल्लीतला वाटतो.

आता ती पांढरी बुरशी. माझ्या मते निम्म्या 'गेलेल्या' बॅटऱ्या इथे परत येऊ शकतात. सेल्फ सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, आणि एवढा करंट जायचा असेल तर टर्मिनलचा शिशाचा खांब आणि त्यावरची तारेची पकड यांची भेट अगदी अंगाला अंग लागून व्हावी लागते. मध्ये सल्फेटचा थर बसला की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाणी चालतात, कारण त्यांना करंट थोडासाच लागतो. सेल्फ मात्र रुसतो. हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी चांगली, हा दुसरा गैरसमज यातूनच आलाय.

ही भेट नीट होतेय का तेही मीटर सांगतो. एक काडी थेट शिशाच्या खांबावर टेकवा, दुसरी त्याच खांबाच्या पकडीवर, आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याला चिकटून राहिला पाहिजे. दोन दशांश दिसला तर चोर सापडला. मग तसाच सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत मोजा. इथे तीन दशांशाच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा तिचा बोल्ट सैल आहे. ही पट्टी खाली, चिखलाच्या वाटेवर असते, म्हणून कुणी तिची विचारपूस करत नाही. काढून पॉलिश पेपर मारून परत कसली की शंभर रुपयांच्या आत काम. काड्या आणि हात फॅनबेल्टपासून लांब ठेवा, इंजिन अचानक सुरू होऊ शकतं.

सफाईला दहाचा पाना लागतो. मायनस आधी काढायचा, प्लस नंतर, लावताना उलट. कारण गाडीचा सगळा पत्रा मायनस आहे. मायनस जोडलेला असताना प्लसवर पाना फिरवला आणि त्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, की दिवाळी. अंगठी, कडं आधीच काढून ठेवा. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पकडी त्यात बुडवा. फसफसून बुरशी विरघळते. खांब त्याच पाण्याच्या फडक्याने पुसा, झाकणाच्या भोकांतून आत मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर आतलं अ‍ॅसिडच मरेल. मग साधं पाणी, कोरडं फडकं, तारेचा ब्रश, शिसं चमकेपर्यंत. तो चमचा स्वयंपाकघरात परत नेऊ नका. शिसं आणि अ‍ॅसिड या दोन्ही गोष्टी कढीला चालत नाहीत. पकड घट्ट कसून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा, आधी नाही. बसत नसेल तर पान्याने ठोकू नका, खांबाच्या बुडाशी तडा जातो. सैल असेल तर फटीत खिळा ठोकण्याची जी राष्ट्रीय पद्धत आहे, तीही नको. प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो. पकड सैल वाटते तेव्हा कधी कधी ती चुकीच्या खांबाची आणून बसवलेली असते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा. प्लेटा बुडून साधारण सेंटिमीटरभर वर, किंवा खुणेपर्यंत. डिस्टिल्ड वॉटरच घाला. 'आमच्या घरी आरओ आहे ना' हे उत्तर इथे चालत नाही, त्यात क्षार उरतातच. आणि अ‍ॅसिड तर मुळीच नको. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं.

पाणी उडतं ते आपल्या मे महिन्यात. पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी वर, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. प्लेटा तेव्हाच कुजू लागतात. पण गरम इंजिन हलकं फिरतं, म्हणून तेव्हा कळत नाही. कळतं डिसेंबरात, ऑइल घट्ट झाल्यावर. मारलं उन्हाळ्याने, नाव थंडीचं. गाडी सावलीत लावा, एवढा एकच उपाय; झाडाखालचे पक्षी वेगळा विषय.

सोमवारीच रुसणारी गाडी असेल तर ती गळतीची केस. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंत गळणं रीतसर आहे, घड्याळ आणि अलार्मही जेवतातच. पण हौसेने बसवलेला डॅशकॅम ३०० खात असेल तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, साठ तासांत १८ अँपिअर-अवर गेले. ३५ च्या बॅटरीतून निम्मे. मोजायचं असेल तर मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला, चकती अँपिअरवर करा, मायनसची पकड काढून पकड आणि खांब यांच्या मध्ये मीटर जोडा. दारं बंद, किल्ली घरात, आणि अर्धा तास शांत बसा. आजच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायलाच तेवढा वेळ घेतात. या अर्ध्या तासात कुणी काका "बघू" म्हणून दार उघडतात आणि सगळे पुन्हा जागे होतात. घड्याळ शून्यापासून. आकडा जास्तच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ती वाट चोराची. डिकीचा न विझणारा दिवा हा जुना गुन्हेगार. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. आणि काम झाल्यावर लाल तार व्होल्टच्या भोकात परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल.

एवढा धीर नसलेल्यांसाठी शेजाऱ्याची गाडी. दोन बॅटऱ्या जोडणारी जंपर केबल जाड हवी. लाल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या प्लसला, काळी चांगल्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असतो, म्हणून. शेजारच्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालू द्या, मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या आत. काढताना बरोबर उलट क्रम. हे चालू असताना "अरे, मायनस मायनसला लाव ना सरळ!" असा आवाज हमखास मागून येतो. मागे बघू नका.

धक्का मॅन्युअल गाडीलाच. किल्ली ऑन, नाहीतर स्टिअरिंग लॉक. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाला आली की क्लच सोडून लगेच दाबा. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, म्हणून उताराच्या टोकाला कचरागाडी नाही ना ते आधी बघा.

सुरू झाली की मीटरवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. नव्या गाड्यांत तो याहून वरखाली नाचतो. १२.५ वरच बसून राहिला तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, किंवा त्याच्या बेल्टचा. इथेही एक तज्ज्ञ पुढे येतो : "चालू इंजिनात बॅटरीची तार काढ, बंद पडली तर अल्टरनेटर खराब." हा हात वाटेतच धरा. अल्टरनेटरच्या व्होल्टेजचा झटका झेलायला बॅटरीच असते. ती निघाली की तो झटका थेट कॉम्प्युटरला बसतो, आणि कॉम्प्युटरच्या किमतीत बॅटऱ्यांचं दुकान निघतं.

मग जागेवर अर्धा तास रेस करत बसू नका. आयडलला अल्टरनेटर फारसं देत नाही. महूपर्यंत जाऊन या, एका बाजूने साधारण चोवीस किलोमीटर. परत आल्यावर खिडक्यांचं ऑटो बटण चालत नसेल तर काच पुरती वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरा. तार काढल्यामुळे तिची आठवण पुसलेली असते. घड्याळही शून्यावर जातं. पुष्कळ गाड्यांत ते १२:०० दाखवत लुकलुकतं, आणि ते लावायचं बटण पुस्तिकेशिवाय सापडत नाही. आपण पुस्तिका शोधत असतो, तेवढ्यात फाटकातून मान आत येते.

"बारा वाजले ना? मी म्हटलं होतं, बॅटरी गेली."