'आसात्रू'मधला असुर

स्वीडिशमध्ये थोर-ओदेन वगैरे जुन्या देवांच्या धर्माला 'आसात्रू' म्हणतात. त्यावर फिरणारा दावा असा: शब्द व्हायकिंगांचा, त्यातला 'आसा' म्हणजे संस्कृत 'असुर', म्हणून हे लोक असुरपूजक आणि धर्म भारतातून गेलेला.

व्हायकिंगांचा? नाही. जुन्या नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) लिखाणात हा शब्दच नाही; तो १९व्या शतकातली घडण. ते लोक 'सिद्र' म्हणत, म्हणजे रीत. ख्रिस्ती धर्म आल्यावर तिला 'फोर्न सिद्र', जुनी रीत, म्हणायची वेळ आली. गावात एकच रीत असेल तर तिला नाव कोण ठेवतं?

'आसा' म्हणजे असुर? 'आस' हे एका देवकुळातल्या देवाचं नाव, 'आसा' त्याची षष्ठी अनेकवचनी, आणि 'त्रू' म्हणजे श्रद्धा. 'आस'मध्ये पूर्वी न् होता. सहाव्या शतकात योर्दानेस या इतिहासकाराने गॉथ या जुन्या जर्मानिक लोकांचा 'आन्सिस' हा शब्द नोंदवलाय. सुमारे ८३० मध्ये स्वीडनमधल्या बिर्का इथे ख्रिस्ती धर्म घेऊन गेलेला आन्सगार, त्याच्या नावातही हाच 'आन्स' (गार म्हणजे भाला). मिशनऱ्याच्या नावात जुना देव! आता शब्द संस्कृतातून उचलला असेल, तर 'असुर'मध्ये नसलेला न् आला कुठून? काही अभ्यासक दोन्ही शब्द एका जुन्या धातूशी जोडतात, काही 'असुर' हा 'असु' म्हणजे प्राण यावरून काढतात. पहिलं खरं धरलं तरी त्या मावसबहिणी, आई-लेक नव्हेत.

'असुरपूजक' तर अगदीच लंगडं. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय; राक्षस हा अर्थ नंतरचा.

गंमत म्हणजे संस्कृतशी जास्त पटणारं नातं दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. 'त्रू' हा सहसा 'दारु'शी, म्हणजे लाकडाशी, जोडतात: लाकडासारखं घट्ट, म्हणून भरवशाचं. आपल्या देवदारमधला तोच दार. संस्कृत द स्वीडिशमध्ये नियमाने त होतो: दन्त–तांद, दश–तीऊ, द्वि–त्वो. 'असुर' जोडताना असा नियम कुणी दाखवत नाही, नुसता कानाला लागणारा सारखेपणा.

शिवाय हे नाव स्वीडनमध्येही सगळ्यांना पुरत नाही. १९९४ मध्ये 'स्वेरियेस आसात्रूसामफुंद' म्हणून सुरू झालेल्या संस्थेने २०१० मध्ये नाव बदलून 'सामफुंदेत फोर्न सेद स्वेरिये' केलं. हा 'सेद' म्हणजे तोच जुना 'सिद्र'. 'आसात्रू'त नावापुरते तरी फक्त आस येतात. फ्रेय आणि न्योर्द हे देव वानिर या दुसऱ्या देवकुळातले, ते बाहेरच राहतात.